शिळं होऊ द्यायची खोली

सर्व संबंधितांना, आणि त्याहून जास्त असंबंधितांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की आमच्या शहरात एक अशी खोली आहे जिथं कचरा फेकत नाहीत, जपतात. तिला दोन कुलपं असतात आणि आतल्या कचऱ्याची खुशाली विचारायला मुंबईहून साहेब येतात. ही खोली शहराच्या जुन्या बावन्न दरवाजांच्या आत आहे की बाहेर, हे सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. आत काय आहे हेही सांगू नये असा मोह होतोय, पण मग गोष्टच पुढं सरकणार नाही. तर आत आहेत कागदी ताटल्या, प्लास्टिकचे पेले, उशांचे अभ्रे, आणि कुणीतरी अर्धी खाऊन ठेवलेली भाकरी.

या संपत्तीची राखणदार मी. एका मोठ्या दवाखान्यात मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. पद एवढं लांब की नावाच्या पाटीवर नाव बारीक करावं लागलं. वॉर्डातल्या मावशी मला किरणाच्या मॅडम म्हणतात, आणि माझ्या सासरी आजही असा ठाम समज आहे की मी एक्स-रे काढते. मी दुरुस्त करत नाही. एक्स-रे काढणारी सून परवडते. ‘माझ्या ताब्यात किरणोत्सारी कचरा आहे’ असं सांगणाऱ्या सुनेच्या हातचा चहा कोण पिणार?

भानगड अशी की थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन झाल्यावर गळ्यात थोडं उरतंच. ते मारायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी देतात. गोळी आपलं काम चोख करते, पण ती घेतलेला माणूस काही दिवस न दिसणारा दिवा होऊन बसतो. त्याच्या लाळेत, घामात, लघवीत किरणं. म्हणून त्याला जाड भिंतींच्या खोलीत एकटं ठेवायचं. त्या खोलीचा कायदा एका ओळीचा: आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही. ती पुढं माझ्या कचऱ्याच्या खोलीत जाते, शिशाचा पत्रा लावलेल्या पिंपात. तिथं आम्ही तिला शिळी होऊ देतो. या आयोडीनचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मा. अडीच-तीन महिन्यांनी पिंप उघडलं की आत साधी, निरुपद्रवी, वास मारणारी घाण. सगळं जग ताज्याच्या मागं धावतंय, आणि शिळ्याची वाट बघत बसलेली सरकारमान्य माणसं तेवढी आम्हीच.

या कामानं मला एक खोड लावली. रस्त्यानं जाताना मी माणसं काय फेकतात ते बघते. गल्लीच्या टोकाला पिशवी भिरकावली की ती आपली राहत नाही, इतकं ते सोपं असतं. आमच्या पिशवीला मात्र वंशावळ लागते. कुणाच्या खोलीतून आली, कधी आली, आज तिच्यात किती जोर आहे. कधी वाटतं, प्रत्येक घराच्या कचऱ्याला असा कुणी विचारणारा असता तर आपण निम्मी खरेदी केलीच नसती. पण असं बोलले की नवरा म्हणतो, “आलं तुझं प्रवचन.”

तर तपासणीचा दिवस. आमच्या आयोडीनच्या खोल्यांची परवानगी नव्यानं मिळायची होती आणि त्यासाठी मुंबईहून निरीक्षक येणार होते. तपासणीत खोट निघाली तर खोल्या बंद. तारीख वर्षभर आधी ठरवली असती तरी याहून वाईट दिवस सापडला नसता, कारण त्याच दिवशी एका बाईंना गोळी द्यायची होती.

या बाई करमाडच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. गोळी लागू पडावी म्हणून आधी काही आठवडे थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्या थांबवतात. त्या थांबल्या की माणूस आतून मंदावत जातो. बाई एप्रिलच्या उन्हात शाल गुंडाळून माझ्या बाकावर बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, एक वाक्य पूर्ण करायला दम लागे. त्यात पथ्य: आयोडीनचं मीठ नको, दूध नको, अंडं नको, बेकरीचं काही नको. आणि दर थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजे.

“मोटर बंद कर… हां… वरच्या फळीवर बघ… नाही, कंपास दादाच्या दप्तरात… आत्यांना म्हणावं, औषध जेवल्यावर…”

करमाडचं अख्खं घर त्या घोगऱ्या आवाजावर चाललेलं होतं. नवरा, दोन मुलं, सासू-सासरे, दीर, त्यांची बायकापोरं, आणि संध्याकाळी ओटीवर शिकवणीची पोरं. आज गोळी हुकली तर काय, हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं आणि आता सांगितल्याचा पश्चात्ताप होत होता. गोळी मुंबईहून त्यांच्या नावानं तोलून येते. ती ठेवून देता येत नाही, आपोआप शिळी होते. म्हणजे नवी गोळी मागवायची, आणि तोवर बाईंनी असंच, आणखी मंद होत, थांबायचं. खोल्याच बंद झाल्या तर मुंबई गाठायची. तिथली रांग आमच्या रांगेहून लांब.

निरीक्षक सकाळीच आले. बारीक चणीचे, इस्त्रीच्या शर्टाचे, डोळे मात्र कोतवालाचे. आमचे मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. त्यांना वाटतं की या शहरात येऊन नान-खलिया न खाता परत गेलेला माणूस हा आपला पराभव आहे.

“साहेब, दुपारी जेवण इथंच. मी सांगून ठेवलंय.”

“धन्यवाद. मी आणलंय.”

“मग चहा तरी?”

“पाणीही आणलंय.”

आणि त्यांनी पिशवीतून केळं काढून उभ्याउभ्या खाल्लं. सालही परत पिशवीत ठेवली! मोठ्या साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू खोल्या आता बंदच झाल्या.

एवढ्यात गोळीची गाडी फाटकाशी आली. निरीक्षकांना पर्वणीच. त्यांनी गाडी तिथंच थांबवली. शिशाच्या भांड्यात गोळी, भांडं खोक्यात, खोक्यावर पिवळं-पांढरं लेबल आणि तीन पाकळ्यांचं चिन्ह. त्यांनी मीटर काढला, खोक्याला टेकवून मोजलं, मग लांब उभं राहून मोजलं. खोकं बांधलेली दोरी ओढून पाहिली. ड्रायव्हरच्या सीटपाशी मोजलं. मग ड्रायव्हरची तोंडी परीक्षा.

“वाटेत गाडीला अपघात झाला तर काय कराल?”

“मालकाला फोन करीन, मग लांब पळीन.”

“उलटं करा. आधी लांब, मग फोन. आणि लोकांनाही लांब ठेवा.”

ड्रायव्हर खूष. इतका सोपा पेपर त्याला आयुष्यात आला नसावा. गाडी पास झाली. मग कचऱ्याची खोली. माझी पिंपं ओळीनं उभी होती, प्रत्येकाच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी. मी त्यांना आदल्या दिवशी पुसून काढलं होतं, लग्नघरातल्या पोरांना पुसतात तसं. निरीक्षकांनी पिंपांभोवती, भिंतीबाहेर, दाराच्या फटीशी, सगळीकडं मोजलं. मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

मग ते बाहेरच्या पॅसेजमधून निघाले. हातात मीटर चालूच. आमच्या मीटरला आवाज असतो. काही नसलं तरी अधूनमधून टिक करतो, कारण जगात सगळीकडं थोडं थोडं असतंच. टिक… टिक… करत साहेब बाईंच्या बाकापाशी आले, आणि मीटर मक्याच्या लाह्यांसारखा फुटायला लागला.

ते थांबले. मागं आले. टिक… टिक. पुढं गेले. तडतडतडतड.

“यांना डोस दिला?”

“नाही साहेब. द्यायचाय.”

“मग हे काय?”

बाई शाल घट्ट धरून बसल्या होत्या. फोन वाजत होता, उचलला नाही. निरीक्षकांनी मीटर त्यांच्या हातांशी नेला: शांत. गळ्याशी: शांत. मग बाकावरच्या कापडी पिशवीशी नेला, आणि मीटर पुन्हा पिसाळला. त्याच क्षणी आमच्या वॉर्डातल्या मावशींना समोरच्या भिंतीच्या रंगात विलक्षण रस निर्माण झाला. त्यांनी पाठ फिरवली. मी त्यांना कित्येक वर्षं ओळखत होते. त्यांची पाठ त्यांच्या तोंडापेक्षा जास्त बोलते.

“मावशी, पिशवीत काय आहे?”

“डबाय.”

“कसला डबा?”

“ह्या बाईंचाच हाय. खालांनी वापस दिला.”

खाला म्हणजे खुलताबादच्या एक वयस्क बाई. सकाळपर्यंत आतल्या खोलीत त्याच होत्या. सगळा वॉर्ड त्यांना खाला म्हणायचा. आपला जन्म निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या पुढच्या साली झाला हे त्या प्रत्येक नर्सला सांगत, जणू तारीख त्यांनीच ठरवली होती. त्यांची आणि करमाडच्या बाईंची ओळख आमच्याच बाकावरची. दोघींचं पथ्य एक, मग दोघींची चूल का वेगळी? बाई परवा रक्त तपासायला आल्या, तेव्हा खालांसाठी बिनआयोडीनच्या मिठाची भाकरी, जवसाची चटणी घेऊन आल्या. कायद्याप्रमाणं मावशींनी ते कागदी ताटलीत काढून आत द्यायचं. खाला आतून म्हणाल्या, “ताटली में ठंडी होती, डब्बा इच दे.” मावशींनी दिला.

“आन् आज भायेर निघताना त्यांनीच माझ्या हातात ठिवला, म्या बाईंना दिला,” मावशी आता वळल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “म्या काय वाईट केलं? अख्खी बाई सोडली तुमी! मशीन लावून म्हनला, जा घरी, काय भ्या नाय. मंग डब्याला काय झालंय? डबा काय बाईपेक्षा मोठाय का?”

 प्रश्न सोपा नव्हता. खालांच्या अंगात डब्याच्या कितीतरी पट जास्त किरणं होती आणि आम्ही त्यांना कायदेशीरपणे घरी पाठवत होतो. मोठे साहेब माझ्याकडं बघत होते, मी निरीक्षकांकडं.

निरीक्षकांनी मावशींना उत्तर दिलं, आणि तेही रागानं नाही. “बाईंना सांगता येतं, नातवंडांना थोडे दिवस मांडीवर घेऊ नका. त्या ऐकतात. डब्याला सांगता येत नाही, लांब राहा म्हणून. तो कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसतो.”

मावशींनी विचार केला. “हां,” म्हणाल्या. “त्ये बी खरंय.”

मी पुढं कितीतरी भाषणं ऐकली, सुरक्षेवर, मोठमोठ्या पडद्यांवर चित्रं दाखवून. त्या ‘लांब राहा म्हणून सांगता येत नाही’ एवढं नेमकं कुणी बोललं नाही. कचरा म्हणजे तेच की. आपण मागं सोडलेली, पण ऐकायला कान नसलेली वस्तू.

पण त्या क्षणी मला तत्त्वज्ञान सुचत नव्हतं. निरीक्षक माझ्याकडं वळून म्हणाले, “हा डबा का आणि कसा बाहेर आला, आत काय आहे, कुणी कुणी हात लावला, हे कळेपर्यंत डोस थांबवा.”

बाईंनी डोळे मिटले. बस, एवढंच. रडल्या नाहीत, रडायलाही गोळ्या चालू असाव्या लागतात, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

खाला अजून गेल्या नव्हत्या. पुतण्याची जीप येईपर्यंत बाकासमोरच्या आवारातल्या लिंबाखाली, सांगितल्याप्रमाणं सगळ्यांपासून दूर, राणीसारख्या बसल्या होत्या. आम्ही जरा अंतरावर जाऊन उभे राहिलो. एका बाजूला केंद्र सरकार, दुसऱ्या बाजूला खाला.

निरीक्षकांनी विचारलं, “डबा परत का दिलात? आत गेलेलं बाहेर काढायचं नाही, सांगितलं होतं ना?”

“सांगे थे ना. पर डब्बा उसका है साब, मेरा नहीं.”

“त्यात काय ठेवलंय?”

“लिंबू की गोल्याँ. तुम्हारे इच दवाखाने के.” लाळ सुटत राहावी म्हणून आम्ही रुग्णांना लिंबाच्या गोळ्या चघळायला देतो, त्यातल्या उरलेल्या.

“पण का? डबा धुऊन रिकामा ठेवला असतात तरी…”

खालांनी त्यांच्याकडं अशा करुणेनं पाहिलं की मला साहेबांचीच दया आली. “खाली डब्बा देना क्या साब? उनो खुद बीमार, सुबे उठ के मेरे वास्ते भाकरी डाली. और मैं खाली डब्बा उसके हात में देऊँ? इत्ती बेशरम नहीं हूँ मैं.”

आता सांगा, याला आमच्या नियमावलीत कुठं कलम आहे? गळती, चोरी, आग, पूर, सगळ्याची सोय केलेली आहे. शेजारधर्माची नाही. आमची शिशाची भांडी दर खेपेला मुंबईला रिकामीच परत जातात आणि वर ‘रिकामं’ असं लेबल लावावं लागतं. त्याशिवाय गाडी सुटत नाही. त्या खोलीत साखर नव्हती, शेवया नव्हत्या, काही नव्हतं. तरी खालांनी शोधून काहीतरी घातलंच.

निरीक्षक मागं वळले. परत बाकापाशी आले आणि बाईंना विचारलं, “डबा उघडलात?”

मी मनात हिशेब मांडला. उघडला असेल तर हातांना लागलं असणार, हातावरून तोंडाला, लिंबाची गोळी खाल्ली असेल तर आणखीच. मग चौकशी, पुन्हा तपासण्या, आणि आजचा डोस गेलाच.

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नक्की? बघितलंही नाही?”

“कसं बघणार?” बाईंना दम लागत होता, पण आवाज वर्गातला होता. “त्या समोरच बसल्यात ना. देणारीच्या डोळ्यांदेखत… डबा उघडून बघायचा का, काय दिलंय म्हणून? बरं दिसतं का ते?”

एका रीतीनं डबा बाहेर आला होता आणि दुसऱ्या रीतीनं तो बंद राहिला होता. मी हे मोठ्यानं बोलणार होते. नाटकी स्वभावाला अशी वाक्यं आवरत नाहीत. पण निरीक्षकांचा चेहरा पाहून आवरलं.

त्यांनी हातमोजे चढवले आणि सगळ्यांची परेड काढली. बाईंचे हात, ओठ, गळा, शाल. मावशींचे हात, त्यांच्या उजव्या अंगठ्याशी मीटर थोडा कुरकुरला, तेव्हा त्यांना साबणानं धुवायला लावलं, दोनदा, आणि तो गप्प झाला. बाक, फरशी, फोन. मोठे साहेब कारण नसताना रांगेत उभे राहिले, तर त्यांचेही हात मोजले. सगळं स्वच्छ. डबा पिशवीसकट माझ्या पिंपात गेला. गळ्यात तारखेची चिठ्ठी अडकवून.

मग निरीक्षक खुर्चीवर बसून लिहू लागले.  बाईंचा फोन वाजून वाजून थकला. उपाशीपोटी गोळी घ्यायची म्हणून सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि आता त्यांची मान भिंतीला टेकली होती.

“मॅडम,” निरीक्षक म्हणाले. “यापुढं घरचं भांडं आत जाणार नाही. कसं, ते तुम्ही ठरवा. सूचना लावून भागणार नाही.”

“नाही भागणार,” मी म्हटलं. “जेवण आम्ही दाराबाहेरच काढून घेऊ. पत्रावळीत. आणि भांडं तिथूनच परत, घरच्यांच्या हाती.”

“तसं लिहितो. नोंद होणार, त्रुटी म्हणून.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “डबा सापडलाय, कुणाला लागलेलं नाही, खोलीची मापं ठीक आहेत. खोल्या बंद करायचं कारण मला दिसत नाही. यांना किती वेळ उपाशी ठेवणार?”

मोठ्या साहेबांनी आनंदाच्या भरात पुन्हा नान-खलियाचा विषय काढला. निरीक्षक चक्क हसले. खाल्लं मात्र नाही.

पुढचा सोहळा मला फार आवडतो. मी एप्रन चढवते, शिशाच्या आडोशामागून लांब चिमट्यानं भांड्याचं झाकण उचलते, आणि आतून निघते एक गोळी, सर्दी-तापाच्या गोळीएवढी. इतक्या मिरवणुकीनंतर एवढीशी देवी. बाईंनी ती पेल्यातून थेट तोंडात घेतली, पाणी प्यायल्या. मी लगेच दाराबाहेर.

या वेळी रुग्ण घाबरतो. इतका वेळ हसत असलेले पुरुषही दार लोटलं की हाक मारतात. त्यासाठी माझं एक ठरलेलं, सरावानं गुळगुळीत झालेलं भाषण आहे. ते मी सुरू केलं: “बाई, आता काही दिवस आत कुणीही येणार नाही. तुमचे मिस्टर नाहीत, मुलं नाहीत, सासूबाई नाहीत. मीसुद्धा दारातूनच बोलणार. फोन आत नेला तर तो इथंच अडकेल, म्हणून तो बाहेर माझ्यापाशी राहील. घाबरायचं नाही. काही लागलं तर बेल आहे.”

 मी दारातून डोकावले. बाई पलंगावर बसल्या होत्या. एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी, आणि हाक मारणारं कुणी नाही. त्यांनी शाल काढून बाजूला ठेवली, चहूकडं सावकाश पाहिलं, आणि त्या घोगऱ्या आवाजात, पॅसेजमधल्या मावशींना, मोठ्या साहेबांना, मुंबईच्या निरीक्षकांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदम म्हणाल्या:

“मॅडम, ह्या दाराला आतून कडी आहे का हो?”